कैद्याला कधी सोडायचं, हे कुणी ठरवावं?

गुरमीत राम रहीम हरियाणातल्या तुरुंगातून पुन्हा पुन्हा बाहेर येऊ लागला तेव्हा लोक चिडले. ऑगस्ट २०२२ मध्ये बिल्किस बानो खटल्यातल्या ११ दोषींना गुजरात सरकारने सोडलं आणि तुरुंगाबाहेर त्यांचं हार घालून स्वागत झालं, तेव्हा ती दृश्यं पाहून अनेकांच्या अंगाची आग झाली. अशा प्रत्येक वेळी चर्चा 'सोडलंच का?' इथून सुरू होते आणि तिथेच संपते.

त्याच्या एक पायरी मागे जायला हवं. सोडायचं की नाही हे ठरवण्याचा अधिकार कुणाकडे असावा? त्याने काय पाहावं आणि काय पाहू नये? त्याचं चुकलं तर दाद कुठे मागायची? काही देशांत या कामासाठी खास पॅरोल मंडळं आहेत आणि त्यांच्या अधिकारांवरून तिथे कित्येक दशकं वाद चालू आहेत. या वादांत माझी बाजू आधीच मांडलेली बरी. मंडळाने एकाच प्रश्नाचं उत्तर द्यावं : हा माणूस आज बाहेर आला तर कुणाच्या जिवाला धोका आहे का? मात्र ते उत्तर बंधनकारक असावं. मंत्र्याच्या मर्जीने ते फिरू नये. ही बाजू पटणं सोपं नाही, याची मला कल्पना आहे. म्हणून मुळापासून सुरुवात करू.

रजा वेगळी, सुटका वेगळी

आपण ज्याला पॅरोल म्हणतो ती मुळात रजा आहे. महाराष्ट्राच्या तुरुंगांत तिला अभिवचन रजा म्हणतात. घरातला मृत्यू, गंभीर आजारपण, लग्न अशा कारणासाठी कैदी ठरावीक दिवस बाहेर येतो आणि परत आत जातो. फर्लो म्हणजे संचित रजा. तिला खास कारण लागत नाही. काही काळ शिक्षा भोगून झाली आणि वागणूक चांगली असली की ती मिळू शकते. राम रहीमचं येणं-जाणं या रजांच्या प्रकारातलं.

बिल्किस बानो खटल्यातली सुटका त्यातली नव्हती. ती होती शिक्षेत दिलेली सूट, म्हणजे उरलेली शिक्षा माफ. इंग्लंड, अमेरिका, कॅनडा या देशांत पॅरोलचा अर्थ या दोहोंच्या मधला आहे. कैदी मुदतीआधी घरी जातो, पण शिक्षा चालूच राहते. अटी पाळायच्या, अधिकाऱ्याकडे हजेरी लावायची आणि अट मोडली तर पुन्हा आत. या लेखात इथून पुढे पॅरोल म्हटलं की हाच अर्थ घ्यावा.

न्यायाधीशाने शिक्षा दिली, मग मंडळ कशाला?

या पद्धतीची पाळंमुळं एकोणिसाव्या शतकात सापडतात. ऑस्ट्रेलियाजवळच्या नॉरफोक बेटावर ब्रिटिशांची अत्यंत क्रूर अशी कैदी-वसाहत होती. तिथे १८४० मध्ये अलेक्झांडर मॅकोनोची हा नौदलातला अधिकारी प्रमुख म्हणून आला. त्याने कामावर आणि वागणुकीवर गुण द्यायला सुरुवात केली. गुण साठतील तसतशी मोकळीक वाढायची. माणूस किती वर्षं आत होता यापेक्षा तो आत असताना कसा बदलला, यावर सुटका ठरावी हा त्यामागचा विचार. पुढे वॉल्टर क्रॉफ्टन याने आयर्लंडमध्ये टप्प्याटप्प्याने सुटका आणि बाहेर आल्यावर देखरेख, अशी जोड त्याला दिली. आजच्या पॅरोलचा सांगाडा तोच आहे.

यातून शिक्षेचे दोन भाग पडले. पहिला भाग केलेल्या गुन्ह्याचा. तो न्यायाधीश ठरवतो, आणि तो पुरा झाल्याशिवाय सुटकेचा विषयच निघत नाही. इंग्लंडमध्ये जन्मठेप सुनावताना न्यायाधीश सहसा किमान मुदत सांगतो : १५ वर्षं, २० वर्षं, ३० वर्षं. दुसरा भाग त्यानंतरचा, आणि तो सर्वस्वी पुढच्या धोक्यावर अवलंबून. खटल्याच्या दिवशी न्यायाधीशासमोर २५ वर्षांचा तरुण उभा असतो. तो ४५ व्या वर्षी कसा असेल हे त्या दिवशी कुणालाच सांगता येणार नाही. ते वीस वर्षांनी त्याला समोर बसवूनच पाहावं लागतं.

रुग्णालयातून घरी सोडताना डॉक्टर काय पाहतात? तुम्ही दाखल झालात तेव्हा किती अत्यवस्थ होता हे त्यांना ठाऊक असतं, पण त्यावर ते घरी सोडायचं की नाही हे ठरवत नाहीत. आज ताप आहे का, घरी काळजी घेणारं कुणी आहे का, औषधं वेळेवर घेतली जातील का, हे पाहतात. मंडळाचं काम याच जातीचं. फरक एवढाच, की इथे अंदाज चुकला तर त्याची किंमत तिसराच कुणीतरी मोजतो. म्हणून मंडळाने सावध असणं रास्तच आहे.

सुनावणीच्या खोलीत

इंग्लंडमधल्या सुनावणीचं उदाहरण घेऊ. समोर एक ते तीन सदस्य. त्यांत एखादा माजी न्यायाधीश असू शकतो, एखादा मानसशास्त्रज्ञ, किंवा या क्षेत्राबाहेरून नेमलेला कुणी स्वतंत्र माणूस. त्यांच्यापुढे जाडजूड फाइल असते : खटल्याचा निकाल, तुरुंगातली वागणूक, भांडणं, अमली पदार्थांच्या चाचण्या, पूर्ण केलेले आणि अर्धवट सोडलेले अभ्यासक्रम, मानसशास्त्रीय अहवाल. पूर्वी सगळे तुरुंगातच जमायचे. आता पुष्कळ सुनावण्या व्हिडिओवर होतात. कैद्याच्या बाजूने वकील असू शकतो. सुटल्यावर ज्याची देखरेख राहणार, तो अधिकारीही साक्ष देतो.

प्रश्न वरवर साधे असतात. 'राहणार कुठे?' 'जुना मित्र दारात येऊन उभा राहिला तर काय कराल?' 'शेवटचा कधी भयंकर राग आला होता, आणि तेव्हा काय केलंत?' 'मी बदललो' हे पाठ करून सांगता येतं, पण शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सहसा पाठ करता येत नाही. तीन वर्षांपूर्वी बराकीत कुणी डिवचलं आणि हा माणूस तिथून निघून गेला, अशी नोंद फाइलमध्ये असेल तर तिचं वजन पानभर पश्चात्तापापेक्षा जास्त असतं. सुटकेनंतरचा आराखडाही बारकाईने तपासला जातो. राहण्याची जागा पीडितेच्या घराच्या वाटेवर असेल तर तो भाग नकाशावर आखून तिथे जायला बंदी घातली जाते. सुनावणीनंतर १४ दिवसांत निर्णय लेखी द्यावा लागतो, कारणांसह.

हे तपशिलात सांगायचं कारण असं, की 'मंडळाने सोडलं' म्हटलं की कुणीतरी दया दाखवली असं चित्र डोळ्यांपुढे येतं. चांगल्या मंडळाचं काम दया दाखवण्याचं नसतं, तपासणीचं असतं.

'पण त्याने केलेलं विसरायचं का?'

हा आक्षेप सगळ्यात जोरकस आहे आणि तो प्रामाणिकपणे घ्यायला हवा. गुन्हा इतका अमानुष असतो की 'धोका उरलेला नाही' हे कारण तोकडं वाटतं.

मात्र गुन्ह्याची तीव्रता किमान मुदतीत आधीच मोजलेली असते. मुदत पुरी झाल्यावर मंडळाने पुन्हा त्याच गुन्ह्यासाठी आणखी वर्षं आत ठेवलं, तर ती दुसऱ्यांदा दिलेली शिक्षा होते, आणि तीही खटला न चालवता. शिवाय गुन्हा ही बदलू न शकणारी गोष्ट आहे. नकाराला तेवढं एकच कारण पुरेसं मानलं, तर कैद्याने पुढची तीस वर्षं काहीही केलं तरी उत्तर तेच राहणार. मग सुनावणी घ्यायचीच कशाला?

कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये नेमकी हीच रेघ ओढली. गुन्हा किती क्रूर होता एवढ्यावर पॅरोल नाकारता येणार नाही. त्या गुन्ह्यावरून आजही धोका आहे असं दिसतं, हे दाखवावं लागेल. मला ही रेघ योग्य वाटते. कुणाला एखाद्या गुन्ह्यासाठी मरेपर्यंत तुरुंग हवा असेल, तर ती मागणी कायदेमंडळापुढे आणि खटल्याच्या न्यायालयात मांडावी. तिथे ती उघडपणे लढता येते. मंडळाच्या बंद खोलीत ती मागच्या दाराने आणू नये.

याच्याशी जोडलेला एक फार अवघड प्रश्न आहे : गुन्हा केलाच नाही असं म्हणणाऱ्या कैद्याचं काय? पश्चात्ताप दाखवा म्हटलं तर तो म्हणतो, कशाचा? इंग्लंडमधल्या अँड्र्यू माल्किन्सनची किमान मुदत साधारण ७ वर्षांची होती. तो ठामपणे निर्दोष असल्याचं सांगत राहिला आणि १७ वर्षं आत राहिला. डीएनएच्या पुराव्यामुळे २०२३ मध्ये त्याची शिक्षा रद्द झाली. केवळ गुन्हा नाकारतो म्हणून सुटका नाकारता येत नाही, असं इंग्लंडच्या न्यायालयांनी आधीच सांगितलेलं आहे. तरी गुन्हा मान्य केल्याशिवाय जे अभ्यासक्रम करता येत नाहीत, तेच धोका कमी झाल्याचा पुरावा मानले जात असतील, तर तो नियम कागदावरच राहतो. निर्दोष माणसाला सुटकेसाठी खोटी कबुली द्यायला लावणारी पद्धत मला कोणत्याही कारणाने मान्य होत नाही.

धोका मोजतात कसा, आणि त्यावर विश्वास किती ठेवायचा?

शिकागो विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ अर्नेस्ट बर्जेस यांनी १९२८ मध्ये इलिनॉय राज्यातल्या पॅरोलवर सुटलेल्या ३,००० जणांच्या नोंदी अभ्यासल्या आणि २१ घटकांचं कोष्टक मांडलं : आधीचे गुन्हे, नोकरी, वय वगैरे. जितके घटक अनुकूल, तितकी यशाची शक्यता जास्त. आजची संगणकीय साधनं याच वाटेने पुढे आली आहेत.

गटाबद्दल ही साधनं बऱ्यापैकी सांगतात. एका माणसाबद्दल मात्र त्यांची मर्यादा लगेच उघडी पडते. एक काल्पनिक हिशेब करून पाहू. समजा सुटकेला पात्र असे १,००० कैदी आहेत आणि त्यांतले ५० जण बाहेर जाऊन गंभीर गुन्हा करणार आहेत. आपल्याकडचं साधन चांगलंच आहे असं धरू : धोकादायक माणूस असो वा निरुपद्रवी, १०० पैकी ८० वेळा ते बरोबर ओळखतं. म्हणजे ५० पैकी ४० धोकादायक जण ते पकडेल. पण उरलेल्या ९५० पैकी १९० जणांनाही ते चुकून धोकादायक ठरवेल. एकूण २३० जणांवर लाल शिक्का बसला आणि त्यांतले १९० जण कुणाच्या केसालाही धक्का लावणार नव्हते. शिवाय १० धोकादायक माणसं हिरव्या शिक्क्याने बाहेर गेली ती गेलीच.

या दोन चुकांपैकी दिसते एकच. सुटलेल्याने गुन्हा केला की पहिल्या पानावर बातमी येते आणि मंडळाचा अध्यक्ष जातो. विनाकारण आत राहिलेल्या १९० जणांची बातमी कधीच होत नाही, कारण न घडलेला गुन्हा दाखवता येत नाही. कोणत्याही मंडळाला ही एकतर्फी भीती 'नाही' म्हणण्याकडे ढकलत असते. त्याच्या अधिकारांची रचना करताना हा कल गृहीत धरूनच चालावं लागतं. इंग्लंडचं मंडळ स्वतः सांगतं की त्याने सोडलेल्यांपैकी नंतर गंभीर गुन्हा करणारे एक टक्क्याहून कमी असतात. हा आकडा दिलासा देणारा आहे. पण ज्यांना आत ठेवलं त्यांच्यातले किती जण बाहेर नीट राहिले असते, हे त्यातून कळत नाही.

मग यंत्र नको, अनुभवी माणसं बसवू, असं कुणी म्हणेल. इस्रायलमधला २०११ चा एक अभ्यास पुष्कळ गाजला. आठ न्यायाधीशांनी पॅरोलच्या अर्जांवर दिलेले हजाराहून अधिक निर्णय त्यात तपासले होते. खाण्याच्या सुट्टीनंतर लगेच आलेल्या अर्जांना होकार मिळण्याचं प्रमाण ६५ टक्क्यांच्या आसपास होतं, आणि पुढची सुट्टी येईपर्यंत ते घसरत जवळजवळ शून्यावर जायचं. 'भुकेला न्यायाधीश' म्हणून हे जगभर सांगितलं गेलं. त्यावर लवकरच आक्षेपही आला : प्रकरणांचा क्रम आपोआप ठरलेला नव्हता, वकील नसलेल्या कैद्यांचे अर्ज सुट्टीच्या आधी शेवटी घेतले जायचे. आक्षेप वजनदार आहे. पण तो खरा धरला तरी चिंता मिटत नाही. वकील नसलेल्याला होकार मिळण्याची शक्यता इतकी कमी असेल, तर सुनावणीत वकील मिळणं ही चैन उरत नाही.

शिफारस की निर्णय?

आता मुख्य भांडण. मंडळाने फक्त सल्ला द्यावा आणि शेवटची सही मंत्र्याची असावी, की मंडळाचा शब्द अखेरचा असावा?

इंग्लंडचं मंडळ १९६७ च्या कायद्याने आलं ते सल्लागार म्हणून. जन्मठेपेच्या कैद्याला सोडायचं की नाही, हे गृहमंत्री ठरवत. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने टप्प्याटप्प्याने हे मोडून काढलं. माणसाला कैदेत ठेवायचं की नाही हे न्यायालयासारख्या स्वतंत्र संस्थेने ठरवायला हवं, निवडणुकीला उभं राहणाऱ्याने नव्हे, हा त्यामागचा मुद्दा. २००२ पर्यंत खुनासाठी जन्मठेप भोगणाऱ्यांच्या बाबतीतही गृहमंत्र्यांची ही सत्ता न्यायालयांपुढे टिकली नाही.

कॅलिफोर्निया उलट दिशेने गेला. तिथे १९८८ मध्ये मतदारांनीच कौल देऊन खुनाच्या प्रकरणांत मंडळाचा निर्णय फिरवण्याचा अधिकार गव्हर्नरला दिला. रॉबर्ट केनेडी यांचा मारेकरी सिरहान सिरहान याला सोडावं असं तिथल्या मंडळाच्या सदस्यांनी २०२१ मध्ये सुचवलं, गव्हर्नरांनी जानेवारी २०२२ मध्ये ते नाकारलं. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात खून करणाऱ्या मॅन्सन टोळीतल्या लेस्ली व्हॅन हौटन हिच्या बाजूने मंडळाने पाच वेळा कौल दिला आणि दोन गव्हर्नरांनी तो प्रत्येक वेळी फिरवला. शेवटी अपील न्यायालयाने हस्तक्षेप केला आणि ती २०२३ मध्ये बाहेर आली, पन्नासहून अधिक वर्षांनी.

मंत्र्याच्या बाजूने एक खरा युक्तिवाद आहे. तो लोकांना उत्तरदायी असतो, मंडळाचे सदस्य कुणाला माहीतही नसतात. पण ते उत्तरदायित्व इथे नेमकं कशासाठी वापरलं जातं ते पाहा. प्रसिद्ध नसलेल्या कैद्याच्या फाइलीकडे मंत्र्याचं लक्ष जात नाही. नाव गाजलेलं असलं की जातं. म्हणजे तेवढाच धोका असलेल्या दोन कैद्यांतला एक सुटतो आणि दुसरा वर्तमानपत्रांमुळे अडकतो. हे उलटही होतं. मंत्र्याला सोडायचंच असलं, तर तोच अधिकार सोडण्यासाठी वापरता येतो.

भारतात नेमकं हे दिसलं. आपल्याकडे जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत कैद, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच गोपाळ गोडसेच्या प्रकरणात सांगितलं. '१४ वर्षांनी सुटतात' हा समज चुकीचा आहे. फाशीची शिक्षाही होऊ शकली असती अशा गुन्ह्यात जन्मठेप झाली असेल, तर शिक्षेत सूट देण्याआधी किमान १४ वर्षं भोगावी लागतात, एवढाच त्याचा अर्थ. त्यानंतर अधिकाऱ्यांच्या समितीच्या सल्ल्याने राज्य सरकार ठरवतं. बिल्किस बानो खटल्यात शिक्षा सुनावणाऱ्या मुंबईच्या न्यायालयाने सुटकेविरुद्ध मत दिलं होतं, तरी गुजरातने दोषींना सोडलं. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला : खटला महाराष्ट्रात चालला होता, म्हणून गुजरातला हा अधिकारच नव्हता. दोषींना दोन आठवड्यांत तुरुंगात परतायला सांगितलं गेलं. पण प्रश्न तेवढ्याने सुटलेला नाही. अधिकार योग्य राज्याकडे असला तरी तो सरकारच्याच हातात राहतो. स्वतंत्र मंडळाचा आग्रह कैद्यांच्या बाजूचा आहे असं समजणाऱ्यांनी हे प्रकरण आठवावं. असं मंडळ पीडितांनाही तितकंच हवं.

मंडळच चुकलं तर?

चुकतं. जॉन वॉर्बॉइज हा लंडनचा टॅक्सीचालक. प्रवासी स्त्रियांना गुंगीचं पेय देऊन अत्याचार करायचा. २००९ मध्ये १२ स्त्रियांच्या प्रकरणांत दोषी ठरला, पण पोलिसांच्या मते पीडितांची संख्या शंभराच्या वर होती. जानेवारी २०१८ मध्ये मंडळाने त्याला सोडायचं ठरवल्याचं बाहेर आलं. कारणं मात्र कुणालाच सांगता येत नव्हती, कारण नियमानेच ती गुप्त होती. दोन पीडित स्त्रिया उच्च न्यायालयात गेल्या. मार्चमध्ये न्यायालयाने निर्णय रद्द केला. सिद्ध झालेल्या गुन्ह्यांपलीकडची माहिती मंडळाने खोलात जाऊन तपासलीच नव्हती, आणि गुप्ततेचा तो सरसकट नियमही बेकायदा ठरला. मंडळाच्या अध्यक्षांना पद सोडावं लागलं. पुढच्या वर्षी आणखी चार स्त्रियांवरच्या हल्ल्यांबद्दल त्याला जन्मठेप झाली.

या प्रकरणानंतर तिथे निर्णयाचा सारांश मागता येऊ लागला आणि २०१९ पासून फेरविचाराची सोय झाली. अनेक प्रकरणांत निर्णय आधी २१ दिवस तात्पुरता असतो. त्या काळात कैदी आणि मंत्री दोघेही फेरविचार मागू शकतात, आणि पीडित व्यक्ती मंत्र्याकडे तशी विनंती करू शकते. चुकीवरचा इलाज मंत्र्याच्या हाती सही देणं नव्हे, हे यात दिसतं. कारणं लिहा, ती बाहेर येऊ द्या, आणि न्यायालयाला ती तपासू द्या. या एका प्रकरणात जे घडलं ते सगळं पीडित स्त्रियांनी न्यायालयाचं दार ठोठावल्यामुळे घडलं.

पीडितांचा आवाज कुठे?

पीडित व्यक्तीला सुनावणी कधी आहे हे कळायला हवं, आपल्यावर काय परिणाम झाला हे मंडळाला सांगता यायला हवं, आणि सुटकेच्या अटींत तिचं म्हणणं निर्णायक असावं : तो माझ्या गावात येणार नाही, माझ्या मुलांच्या शाळेजवळ फिरकणार नाही. सुटकेची बातमी तिला टीव्हीवरून कळणं हा अक्षम्य प्रकार आहे.

सोडायचं की नाही, हा निर्णय मात्र तिच्या खांद्यावर टाकू नये. ती क्षमा करू शकली नाही म्हणून एक जण आत राहिला आणि दुसऱ्या खटल्यातल्या आईने क्षमा केली म्हणून दुसरा सुटला, हे न्याय्य नाही. आणि दर दोन वर्षांनी तिला पुन्हा तीच जखम उघडून दाखवायला लावणं हा तिच्यावरचाच अन्याय आहे.

एका बाबतीत इंग्लंडच्या कायद्याने पीडित कुटुंबांची बाजू नेमकी पकडली. खून करून मृतदेह कुठे टाकला हे न सांगणाऱ्या कैद्याचं ते मौन मंडळाने विचारात घेतलंच पाहिजे, असा कायदा २०२० मध्ये झाला. मुलीच्या मृतदेहाचा शोध न लागलेल्या एका आईच्या लढ्यातून तो आला. मौन बाळगलं की सुटका नाहीच, असं तो म्हणत नाही. पण त्या मौनाकडे मंडळाला काणाडोळा करता येत नाही.

त्यापेक्षा मंडळच बंद करा?

अमेरिकेत हे करून झालंय. मेन राज्याने १९७६ मध्ये पॅरोल बंद केला. केंद्र सरकारच्या १९८४ च्या कायद्यानेही १ नोव्हेंबर १९८७ नंतरच्या केंद्रीय गुन्ह्यांसाठी तो संपवला. दोन्ही बाजूंच्या लोकांना तो नकोसा झाला होता : काहींना मंडळं मनमानी वाटत, काहींना मवाळ. पण निर्णय घेण्याची सत्ता नाहीशी होत नाही, ती फक्त जागा बदलते. सुटकेची तारीख शिक्षेबरोबरच पक्की होऊ लागली की आरोप कोणता लावायचा हे ठरवणाऱ्या सरकारी वकिलाचं वजन वाढतं. आत कितीही बदल झाला तरी तारीख फारशी हलत नाही. आणि ठरलेल्या मुदतीच्या शिक्षेत धोकादायक माणूसही त्या दिवशी बाहेर येतोच, कुणीही न तपासता.

कुलूप एकाकडे, किल्ली दुसऱ्याकडे

मंडळाला सोडण्याचा पूर्ण अधिकार दिला तरी एक मोठी फट उरू शकते, आणि माझ्या मते तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

इंग्लंडने २००५ पासून एक नवी शिक्षा लागू केली. किमान मुदत, कधीकधी दोन वर्षांहूनही कमी, आणि त्यानंतर मंडळाला सुरक्षित वाटेपर्यंत अमर्याद कैद. धोका कमी झाल्याचं दाखवायला तुरुंगातले सुधारणा-अभ्यासक्रम करायचे. पण ते अभ्यासक्रम पुरेसे नव्हतेच. हजारो कैदी रांगेत. मंडळ म्हणतं पुरावा आणा, तुरुंग म्हणतो जागा नाही. २०१२ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने अशा कैदेला मनमानी ठरवलं. त्याच वर्षी ही शिक्षा रद्द करणारा कायदाही झाला, पण आधी ज्यांना झाली त्यांची ती तशीच चालू राहिली. दोन-तीन वर्षांची किमान मुदत असलेली माणसं दहा-पंधरा वर्षांनीही आत होती. कधी सुटू हेच माहीत नसल्याने काहींनी आत्महत्या केल्या.

म्हणून मंडळाला आणखी एक अधिकार हवा : या कैद्याला अमुक उपचार, अमुक प्रशिक्षण इतक्या महिन्यांत द्या, असा आदेश तुरुंग प्रशासनाला देण्याचा. आदेश पाळला गेला नाही तर त्याचा तोटा कैद्याच्या खात्यात लिहू नये. एवढा अधिकार नसेल तर मंडळ दर वर्षी तीच फाइल उघडून तोच नकार लिहीत बसेल.

परत आत टाकण्याचा अधिकार

सुटलेला माणूस अट मोडतो. अट मोडणं म्हणजे पीडितेच्या घराभोवती घिरट्या घालणंही असू शकतं आणि एक हजेरी चुकणंही. दोन्हीला एकच उत्तर असू नये.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये सांगितलं की पॅरोलवर असलेल्याचं स्वातंत्र्य सशर्त असलं तरी ते स्वातंत्र्यच आहे. आरोप सांगून आणि त्याचं म्हणणं ऐकूनच ते काढून घेता येईल. न्यूयॉर्कने २०२१ च्या कायद्याने किरकोळ अटीभंगासाठीची कैद जास्तीत जास्त ३० दिवसांवर आणली. भारतात ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुटकेच्या आदेशातली अट आली होती : दोन वर्षं सभ्यपणे वागावं. न्यायालयाने ती रद्द केली. सभ्यपणा म्हणजे काय हे कुठेच ठरलेलं नाही, त्यामुळे अशी अट हाती असली की अधिकाऱ्याला कधीही, कशावरूनही सुटका मोडता येते. नोटीस न देता, म्हणणं न ऐकता सूट रद्द करता येणार नाही, हेही तेव्हाच स्पष्ट झालं.

धोका तातडीचा असेल तर पोलिसांनी त्याच रात्री उचलावं, यात वाद नाही. पण त्यानंतर ठरावीक दिवसांत प्रकरण मंडळापुढे यायला हवं, आणि मंडळाने तोच जुना प्रश्न पुन्हा विचारायला हवा : या अटीभंगामुळे कुणाच्या जिवाला धोका वाढला का? वाढला नसेल, तर हजेरी चुकवणाऱ्या माणसाची नोकरी आणि भाड्याची खोली हातची जाण्याआधी त्याला घरी पाठवण्याचा अधिकार मंडळाला असायला हवा. कारण सुटलेला माणूस गुन्ह्यापासून लांब राहण्यामागे बहुतेक वेळा त्या नोकरीचा आणि त्या खोलीचाच आधार असतो.